विट्याहून आलेले एकतीस मेल

विट्याच्या स्टँडवर मी उतरले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. पर्समध्ये एकतीस छापील कागद होते आणि डोक्यात सकाळपासून एकच वाक्य घोळत होतं, ‘आता बरा सापडलास.’

“रेवणसिद्ध टायपिंग कुठं आहे हो?” मी रसवंतीवाल्याला विचारलं.

“शिंत्रे सरांचं? मागाच्या शेडवर. आवाज येतोय न्हवं, त्या अंगानं जावा. कुणाचं ॲडमिशन हाय?”

“भाचीचं,” मी म्हणाले.

मला भाची नाही. खोट्या माणसांना पकडायला पुण्याहून पाच तास बसून आले होते आणि गावात पाय ठेवल्या ठेवल्या पहिलं खोटं मीच बोलले. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. पोलीस साध्या कपड्यांत जातातच की, असं मी स्वतःला समजावलं.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. तेव्हा आम्ही काही जण मिळून ‘बोरू’ नावाचा प्रोग्रॅम करत होतो. कॉम्प्युटरवर मराठी लिहायचा, फुकट, आणि आतली सगळी कारागिरी जगाला उघडी. ज्याला वाटेल त्यानं वापरावा, दुरुस्त करावा, मत द्यावं. हे सगळं चालायचं एका मेलिंग लिस्टवर. लिस्टला एक मेल पाठवला की तो सगळ्यांना जायचा आणि त्यावर सगळे भांडायचे. ‘दार सर्वांना उघडे आहे’ असं आमच्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं. त्या दारात उभी मी. म्हणजे मॉडरेटर. नव्या माणसाचे तीन मेल मंजूर होईपर्यंत त्याचा प्रत्येक मेल माझ्याकडे अडून राहायचा. मी सोडले तर पुढे, नाहीतर परत.

मी काही जन्माची संशयी नव्हते. पण आदल्या वर्षी एका महाभागानं पाच खोट्या नावांनी लिस्टवर धुमाकूळ घातला. त्यातलं एक नाव एका आजारी बाईचं होतं. तिला मी दोन महिने धीर देत होते, पथ्यपाणी विचारत होते. ती बाई म्हणजे ठाण्यातला एक मिशीवाला इसम निघाला. माझा जोडीदार मॉडरेटर श्रीरंग, बंगलोरला असायचा, तो पुढे वर्षभर मला विचारायचा, “शलाका, तुझ्या पेशंटची तब्येत काय म्हणतेय?” मी हसायचे. रात्री झोप यायची नाही ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासून मी मेलच्या माथ्यावरचा बारीक मजकूर वाचायला शिकले. मेल कुठल्या कॉम्प्युटरवरून निघाला, किती वाजता, कुठल्या वाटेनं आला, सगळं तिथं असतं. कोणत्या जोडणीवरून निघाला त्याचा एक आकडा असतो, इंटरनेटवरचा घरपत्ताच म्हणा. माणूस नाव बदलतो, हा आकडा बदलायला विसरतो. हे मी श्रीरंगलाही शिकवलं. लोक कादंबऱ्या वाचतात तशी मी हे आकडे वाचायला लागले.

आणि मग ते मतदान आलं. बोरूच्या नव्या आवृत्तीतून टाइपरायटरचा जुना कळफलक काढून टाकायचा की ठेवायचा? काढावा असं श्रीरंगचं ठाम मत होतं, माझंही साधारण तेच. ते जुनं खटलं सांभाळणार कोण? लिस्टवर मतं पडत होती, शनिवारी संध्याकाळी सहाला मोजणी. तीन आठवडे आधी विट्याहून पहिला मेल आला. दुसऱ्या दिवशी चार. मग रोज चार-पाच. एकतीस नावं, एकतीस नवे सभासद, आणि सगळ्यांच्या माथ्यावर आकडा एकच.

पुरावा तरी किती द्यावा त्या माणसानं! सगळे मेल दुपारी दोन ते चारच्या दरम्यानचे. प्रत्येकाची सुरुवात ‘महोदय, सादर नमस्कार’. प्रत्येक परिच्छेदाआधी बरोबर पाच जागा सोडलेल्या. प्रत्येकाच्या तळाशी पूर्ण टपालाचा पत्ता, तोही एकच: रेवणसिद्ध टायपिंग, विटा. मी पहिल्या चार ओळी वाचायचे, आकडा बघायचे आणि ठरलेला मजकूर जोडून मेल परत पाठवायचे: ‘आपला संदेश लिस्टच्या नियमांत बसत नसल्यामुळे परत पाठवत आहोत.’

गंमत म्हणजे परत पाठवलेले मेल दोन दिवसांनी पुन्हा यायचे. आणि पहिल्यापेक्षाही जास्त एकसारखे. आता तर ओळींची लांबीसुद्धा सारखी.

“बघ, घाबरलाय,” मी श्रीरंगला फोनवर म्हणाले. “सावरासावर करतोय.”

“घाबरलेला माणूस इतका टापटिपीनं लिहीत नाही,” श्रीरंग म्हणाला. मग त्यानं विचारलं, “पण तुला पक्कं माहीत आहे ना? की पुन्हा पेशंट?”

हे त्यानं बोलायला नको होतं. शनिवारी सकाळी मी गाडीत बसले.

मागाच्या शेडला बाहेरून लोखंडी जिना होता. खाली यंत्रमागांचा खडखडाट, वर टाइपरायटरांचा. हॉलमध्ये तीन रांगा मशीन्स होती आणि कोपऱ्यात, फडक्याखाली झाकलेल्या प्रिंटरशेजारी, एक कॉम्प्युटर. त्याच्यापुढे बाकावर सात-आठ मुलं-मुली हातात कागद घेऊन ओळीनं बसली होती, दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी.

“या की मॅडम, बसा.” साठीचा एक माणूस उठला. पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन, चष्मा दोरीला बांधलेला. “मी हणमंत शिंत्रे. मराठी थर्टीची परीक्षा का फोर्टीची?”

“भाचीसाठी चौकशी करायची होती,” मी म्हणाले. “ही कॉम्प्युटरपाशी कसली रांग?”

“ती होय? पत्रलेखन.” सर खुशीत आले. “आता पुढं परीक्षा मशीनवर राहत न्हाई, कॉम्प्युटरवर जाणार म्हणत्यात. आमच्या पोरांची बोटं मशीनला बसलेली. मग बोरू म्हणून एक प्रोग्रॅम घावला, त्यात आपला जुना कळफलक जसाच्या तसा. पोरं खूश. आणि आता ते लोक तोच काढायला लागलेत. काढला तर ह्या पोरांची दोन वर्षं पाण्यात, आणि माझं दुकान बंद. पण तिथं म्हणं कुणीबी मत देऊ शकतं. मी म्हटलं, मग देऊ या की. ज्यानं त्यानं आपापलं लिहायचं. एकच कॉम्प्युटर, म्हणून दहा-दहा मिनिटं वाटून दिलीत.”

मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, छान रचलंय. असा तयारीचा माणूस मी बघितला नव्हता.

“मग गेली का मतं?” मी सहज विचारावं तसं विचारलं.

सरांचा चेहरा उतरला. “कुठलं! सारखी नापास व्हायलीत.”

“नापास?”

“तिथं एक साहेब बसलेत. मॉडरेटर साहेब. कडक माणूस. नियमात बसत न्हाई म्हणून परत पाठवत्यात. आता साहेबानं नियम म्हटलंय तर आपलंच कायतरी चुकत असणार. मी त्यांचं नियमाचं पान काढलं. त्यात लिहिलंय, ओळ बहात्तर अक्षरांपेक्षा लांब नको, मजकूर साधा पाहिजे, खाली नाव पाहिजे. तर आमची पोरं पंच्याहत्तर-ऐंशीला जात होती! मग मी पट्टी लावून एकेकाचं बघितलं. रेश्मे, फाईल आण गं.”

ते नियमांचं पान मी लिहिलं होतं. बहात्तर अक्षरांचा नियम जगात सगळ्या लिस्टांवर असतो म्हणून मीही घातला होता. आमच्यातल्या एकानंही तो कधी पाळला नव्हता, मी तर मुळीच नाही.

रेश्मा म्हणजे विशीतली, बारीक चणीची, ओढणी कमरेला खोचलेली मुलगी. तिनं फाईल माझ्यापुढे ठेवली. आत परत आलेले मेल, प्रत्येकाची छापील प्रत, आणि त्यावर लाल पेनानं केलेल्या खुणा. इथं तीन जागा जास्त. ही ओळ तोडणे. तारीख उजवीकडे. मी दोन-तीन पानं उलटली आणि मला उमगलं. तीन आठवडे मी ज्याला पुरावा म्हणत होते तो मीच तयार करत होते. मी मेल परत पाठवायचे, हा माणूस पट्टी लावून बसायचा, आणि मेल आणखी एकसारखे होऊन माझ्याकडे यायचे.

खरं सांगायचं तर तरीही मनाचा एक कोपरा म्हणत होता, हाही बनाव असेल. इतकी सवय झाली होती.

“नंबर कुणाचा?” सरांनी विचारलं.

“माजा,” एक उंच मुलगा उठला. “दादासो भिंगारदेवे. चौथ्यांदा पाठवतोय, सर. आज सहाला बंद हाय म्हणं.”

त्यानं कागद बाजूला ठेवला, बोटं ताठ केली आणि खटाखट टाइप करायला लागला. मान वर, नजर कागदावर, कळफलकाकडे एकदाही न बघता. मी आयुष्यात इतकं सुंदर मराठी टाइपिंग बघितलं नव्हतं. त्यानं मेल पाठवला. तो आता कुठं जाऊन पडला असेल ते तिथं फक्त मला माहीत होतं.

“तो मेल परत येणार नाही,” मी म्हणाले.

“तुमाला काय ठावं?”

“परत पाठवणारी मीच आहे.” खालच्या मागांच्या खडखडाटात मला ते दोनदा सांगावं लागलं. “शलाका गद्रे. मॉडरेटर साहेब म्हणजे मी. मला भाची वगैरे काही नाही. सगळे मेल एकाच कॉम्प्युटरवरून येत होते म्हणून मला वाटलं, एकच माणूस खोट्या नावांनी लिहितोय.”

मशीनवर बसलेल्यांनीही हात थांबवले. खालचे माग तेवढे चालू होते.

“म्हंजे आमी न्हाईच?” दादासो म्हणाला. “मग हितं कोन बसलंय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र अजून पहिल्याच वाक्यावर अडकले होते. त्यांनी फाईल जवळ ओढली, चष्मा चढवला आणि अगदी अदबीनं विचारलं, “मग तुम्हीच सांगा मॅडम. आमचं मार्जिन नेमकं कुठं चुकत होतं?”

“कुठंच नाही, सर.”

“कुठंच न्हाई?”

“नाही.”

ते फाईलकडे बघत राहिले. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

तीन वाजून गेले होते. मी दादासोच्या जागी बसले, मॉडरेटरच्या खात्यात शिरले आणि अडकलेले सहा मेल सोडून दिले. मग लिस्टला स्वतः लिहिलं: ‘विट्याचे सभासद खरे आहेत. मी या क्षणी त्यांच्यामध्ये बसून लिहिते आहे. चूक माझी होती. त्यांना मत देऊ द्यावं.’ पाठवलं. बाकावरची मुलं माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. कुणीतरी चहा आणून ठेवला.

दहा मिनिटांनी दोन गोष्टी झाल्या. मॉडरेटरच्या खात्यात मला शिरता येईना. आणि माझा मेल परत आला. रेश्मानं पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं, “आपला संदेश लिस्टच्या नियमांत बसत नसल्यामुळे परत पाठवत आहोत.”

सर वाकून पडद्याजवळ आले. “मॅडम,” ते हळूच म्हणाले, “परिच्छेदाला पाच जागा सोडल्या न्हाईत तुम्ही.”

ते मनापासून बोलले की तो टोमणा होता, मला आजही ठरवता आलेलं नाही.

मला बाहेर काढू शकणारा दुसरा मॉडरेटर एकच होता. मी श्रीरंगला फोन लावला.

“शलाका, तू कुठून लिहितेयस?” त्याचा आवाज परक्या माणसासारखा होता.

“विट्याहून. लिहिलंय की मी.”

“त्याच आकड्यावरून.”

“अरे, मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसलेय!”

“आज बसलीस, की तीन आठवडे बसलीयेस?”

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. “श्रीरंग, मला नऊ वर्षं ओळखतोस तू.”

“आवाज ओळखतो. तू कुठं बसून काय करतेस ते मला काय माहीत? शेवटच्या तीन तासांत तू उलटी फिरतेस, तेही त्यांच्याच घरातून. हे बघायला तूच शिकवलंस ना मला?” मग तो जरा नरमला. “बरं, समज माणसं खरी आहेत. पण मत एकाचंच ना? पत्ता टायपिंगच्या क्लासचा. मास्तरनं सांगितलं, एकतीस जणांनी टाइप केलं. एकतीस हात, एक डोकं. ते एकच मत झालं. तू वाचलेस का ते मेल?”

वाचले कुठं होते? पहिल्या चार ओळी आणि आकडा.

फोनमधला आवाज बाहेर ऐकू येत होता. रेश्मानं हात पुढे केला. “द्या, मी बोलते.” आणि माझ्या हातातून फोन घेतला.

“नमस्कार सर. मी रेश्मा मुलाणी, भाळवणीची. माझं मत वाचून दाखवू का?” तिनं फाईलमधलं आपलं पान काढलं. “महोदय, सादर नमस्कार. जुना कळफलक काढून टाकावा असं माझं मत आहे. मी तो दोन वर्षं शिकले. परंतु माझी लहान बहीण मोबाइलवर जसा उच्चार तसं लिहिते आणि माझ्या आधी तिचं लिहून होतं. पुढच्या मुलींनी दोन वर्षं घालवू नयेत. मात्र जे आत्ता शिकत आहेत त्यांच्यासाठी एक वर्ष मुदत द्यावी.” तिनं पान खाली केलं. “खाली नाव आणि पत्ता आहे सर. तो पण वाचू का?”

मग श्रीरंगनं विचारलं, “हे तुझ्या सरांनी बघितलंय?”

“तीन वेळा.”

“मग काय म्हणाले?”

रेश्मानं सरांकडे चोरून पाहिलं. “दुसऱ्या परिच्छेदाला एक जागा कमी पडली म्हणाले.”

श्रीरंग हसला नाही. “अशी उलटी मतं किती आहेत?”

“चार. माझं, दादासोचं, आणि अजून दोघांचं.”

दादासो! ज्यानं आत्ता माझ्यादेखत चौथ्यांदा टाइप केलं होतं. मी वळून बघितलं तर तो भिंतीवरच्या कॅलेंडरात तोंड खुपसून उभा होता.

श्रीरंगनं आणखी पाच जणांशी फोनवर बोलून घेतलं. पावणेचारला त्यानं विट्याचं दार उघडलं. मग बाकीच्या मुलांना बोलावणी गेली आणि दहा मिनिटांची पाळी चार मिनिटांवर आणून उरलेल्या सगळ्यांनी मतं पाठवली. शेवटचा मेल पावणेसहाला गेला. सत्तावीस ठेवा म्हणणारे, चार काढा म्हणणारे. मोजणीत जुना कळफलक राहिला. पुढच्या आवृत्तीच्या कागदपत्रांत रेश्माची वर्षभराच्या मुदतीची सूचना तिच्या नावानिशी घेतली गेली. मुदत संपली तरी पुढे कळफलक काढायचं कुणाला सुचलं नाही, पण तो भाग निराळा.

निघताना मी जिन्यापाशी सरांना विचारलं, “तुमचं दुकान त्या कळफलकावर चालतं. तुमच्याविरुद्ध लिहिलेलं तुम्ही स्वतः तीन-तीनदा तपासून पाठवलंत?”

“मग? तिचं मार्जिन नको तपासायला?” त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. “मत ज्याचं त्याचं, मॅडम. मी मत तपासत न्हाई. मी फक्त मार्जिन तपासतो.”

मी त्यांच्याकडे ती फाईल मागितली. वाचून सोमवारी पोस्टानं परत पाठवते, असं मी म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी दिली.

सातच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. मी आधी पर्समधले माझे एकतीस कागद काढले. आकडे, वेळा, वाटा, सगळ्यांखाली माझ्या रेघा. त्या एकतीस कागदांवर कुणाचंही एक वाक्य छापलेलं नव्हतं. ते तसेच दुमडून ठेवले आणि फाईल उघडली. पहिल्यापासून वाचायला लागले. एकाच्या आईचे डोळे मागावर गेले होते, त्याला कचेरीत नोकरी हवी होती. एकीला बोरूनं आईच्या नावातलं जोडाक्षर नीट दाखवलं म्हणून आभार मानायचे होते, आणि तेवढंच. मत द्यायचंच ती विसरली होती, तिला सरांनी समासात ‘मत?’ असं लिहून आठवण करून दिली होती.

प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं, त्याच एका वळणाच्या अक्षरात, दोन शब्दांची नोंद आणि पुढे दोन शब्दांची सूचना होती. एकतीसच्या एकतीस पानांवर.

‘परत आले. कारण शोधणे.’

कंडक्टर आला तेव्हा मला तिकिटाचे पैसे काढता येईनात. तो म्हणाला, “बाई, काय झालं? कुणी गेलं का घरातलं?”

“नाही हो,” मी म्हणाले, “एकतीस माणसं भेटली.”